कुठली टूर किती पाण्यात? गोल्फवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात व्यावसायिक गोल्फच्या टूर्सची ओळख करून देणारं एक टिपण छापलं होतं. अमेरिकेची पीजीए टूर, युरोपातून चालणारी डीपी वर्ल्ड टूर, २०२२ मध्ये सौदी पैशावर उभी राहिलेली लिव्ह गोल्फ आणि आपल्याकडची पीजीटीआय, अशा चौघींचा त्यात परिचय होता. यांत खरी झुंज कुठे जास्त कडक, हे मात्र त्यात सांगायचं राहिलं. कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांनी नेमकं तेच पत्रांतून विचारलं आहे. त्यातले निवडक प्रश्न पुढे देत आहोत. उत्तरांत ‘फील्ड’ हा शब्द सतत येईल. एखाद्या स्पर्धेत उतरलेले सगळे खेळाडू मिळून तिचं फील्ड होतं.

प्रश्न : २०२५ पर्यंत लिव्हमध्ये तीन दिवसांत १८ अंडर मारून जिंकल्याचं वाचायचो. पीजीए टूरवर तेवढ्याला चार दिवस लागतात. मग लिव्हवाले सरस नव्हेत काय? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : तेवढ्यावरून नाही, आणि त्यावरून ते कमी आहेत असंही ठरत नाही. पार म्हणजे कोर्ससाठी ठरवलेले फटके, आणि ‘१८ अंडर’ म्हणजे त्याहून १८ कमी. पारच्या खाली किती, हा आकडा जेवढा खेळाडूचा तेवढाच कोर्सचाही असतो. २०२४ मध्ये लिव्हच्या ब्रायसन डिशॅम्बोनं मे महिन्यात व्हॅलहालाच्या कोर्सवर पीजीए चॅम्पियनशिपमध्ये २० अंडर मारले आणि तरी तो एका फटक्यानं दुसरा आला. पुढच्याच महिन्यात पाइनहर्स्टच्या नंबर दोन कोर्सवर तो ६ अंडरवर यूएस ओपन जिंकला. माणूस तोच, फॉर्म तोच. व्हॅलहाला पावसानं मऊ झालेलं होतं, चेंडू पडेल तिथं थांबत होता. पाइनहर्स्टची ग्रीन्स, म्हणजे होलभोवतीची आखूड गवताची जागा, कासवाच्या पाठीसारखी, त्यांवर पडलेला चेंडू कडेनं घरंगळून खाली जातो. शिवाय एका कोर्सचा पार ७१, दुसऱ्याचा ७०.

म्हणून पार विसरा आणि त्या दिवसाची फील्डची सरासरी बघा. सगळ्यांची सरासरी ७१.४ असताना एखाद्यानं ६९ मारले, तर त्या फेरीतली त्याची कमाई २.४ फटके. उद्या वारा सुटून सरासरी ७४ वर गेली आणि त्यानं ७१.६ च्या आसपास खेळ केला, तर कमाई तेवढीच. पुढच्या सगळ्या उत्तरांत हेच माप वापरलं आहे.

इथे एक खोड आहे. नेहमीच्या स्पर्धेत निम्मे खेळाडू सकाळी सुटतात, निम्मे दुपारी. ब्रिटनच्या किनाऱ्यावर दुपारी वारा उठला की दोन गटांच्या सरासरीत चांगलाच फरक पडतो. त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांत खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःच्या गटाच्या सरासरीशी करावी. लिव्हमध्ये शॉटगन स्टार्ट असतो, सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुटतात, तिथे ही भानगड नाही.

प्रश्न : जिथं बक्षीस मोठं, तिथं पैलवान मोठा. आमचा सरळ हिशेब. चुकतोय काय? (एक व्यापारी, शाहूपुरी)

उत्तर : निम्मा बरोबर. पैसा वरच्या दहाजणांना ओढून आणतो, बाकीचं फील्ड कसं हे तो सांगत नाही. लिव्हच्या पहिल्या हंगामात नेहमीच्या दर स्पर्धेला वैयक्तिक बक्षिसाची रक्कम २ कोटी डॉलर होती. त्यातले ४० लाख विजेत्याला, आणि शेवटच्या, ४८व्या क्रमांकालाही १ लाख २० हजार. तळाला एवढी हमी असली की तळाचा माणूस किती जोर लावतो, हा प्रश्न उरतोच. पीजीए टूरवर कट (दोन फेऱ्यांनंतरची छाननी) चुकला की त्या आठवड्याला बहुधा रिकाम्या हातानं घरी. बक्षिसाच्या रकमेवरून टूरचं बजेट कळतं, फील्डची ताकद नाही.

प्रश्न : जागतिक क्रमवारी आहे की. त्या क्रमवारीतले किती जण कुठल्या टूरवर आहेत ते मोजलं की झालं. एवढा खटाटोप कशाला? (निवृत्त शिक्षक, ताराबाई पार्क)

उत्तर : सर, क्रमवारी १९८६ पासून आहे आणि तिच्याशिवाय मेजरची, म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांची, आमंत्रणं ठरत नाहीत हे खरं. पण ती टूर्सची ताकद मोजायला केलेली नाही. तसा उपयोग केला की ती दोन ठिकाणी फसवते.

पहिली जागा भागाकारात आहे. खेळाडूचे दोन वर्षांतले, म्हणजे १०४ आठवड्यांतले गुण धरतात. पहिले १३ आठवडे गुण पूर्ण, मग पुढचे ९१ आठवडे ते दर आठवड्याला थोडे थोडे उतरत जातात. या बेरजेला खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येनं भागतात, पण भाजक किमान ४० आणि जास्तीत जास्त ५२. समजा एकानं गुण मिळणाऱ्या १२ च स्पर्धा खेळल्या आणि ६० गुण मिळवले. खरी सरासरी ५ येते. ४० नं भागल्यावर उरते १.५. लिव्हला पहिली काही वर्षं गुणच नव्हते. तिथले खेळाडू मेजर आणि एखाददुसरी आशियाई स्पर्धा एवढंच खात्यावर घेऊन घसरत गेले. टॅलर गूचनं २०२३ मध्ये लिव्हच्या तीन स्पर्धा आणि हंगामाचं वैयक्तिक विजेतेपद जिंकलं, तरी क्रमवारीत तो खालीच जात राहिला. ती घसरण त्याच्या हाताची नव्हती, भाजकाची होती. लिव्हचा अर्ज ऑक्टोबर २०२३ मध्ये फेटाळला गेला, मार्च २०२४ मध्ये लिव्हनं तो मागे घेतला, २०२५ मध्ये पुन्हा केला. नकाराची कारणं बघण्यासारखी आहेत. नवे खेळाडू आत येण्याची आणि जुने बाहेर पडण्याची वाट पुरेशी खुली नाही, आणि सांघिक स्पर्धेमुळे वैयक्तिक खेळावर परिणाम होऊ शकतो, असे आक्षेप होते. खेळाडू कमी ताकदीचे आहेत, असं त्यात कुणी म्हटलं नव्हतं.

दुसरी जागा जुनी आहे. ऑगस्ट २०२२ पर्यंत स्पर्धेला किती गुण, हे तिथल्या खेळाडूंच्या क्रमांकावरून ठरे आणि त्यावर प्रत्येक टूरला ठरावीक किमान गुण मिळत. म्हणजे लहान टूरवर गुण मिळाले की क्रमांक वाढे, क्रमांक वाढला की त्या टूरचं वजन वाढे. मार्क ब्रॉडी आणि रिचर्ड रेंडलमन या अभ्यासकांनी हे तपासलं. पीजीए टूरचे खेळाडू इतरांच्या तुलनेत सरासरी २६ ते ३७ क्रमांक खाली दाखवले जातात, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०२२ नंतर पद्धत बदलली. आता प्रत्येक खेळाडूची फटक्यांमधली कमाई काढून त्यावरून फील्डचं वजन ठरतं, आणि उतरलेला प्रत्येक खेळाडू त्यात आपली भर घालतो. पहिल्यापेक्षा हे पुष्कळ बरं. पण भर बेरजेची असल्यानं मोठं फील्ड आपोआप जड होतं, आणि अव्वल ३० जणांच्या टूर चॅम्पियनशिपसारख्या स्पर्धेला त्या मानानं कमी गुण पडतात. क्रमवारी वापरायचीच असेल तर गुणांच्या बेरजेऐवजी फील्डमधल्या मधल्या क्रमांकाच्या खेळाडूची कमाई बघा.

प्रश्न : नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. फुलगावला सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला पाडलं, आणि धाराशिवला राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेतली. आमच्या कट्ट्यावर कुठली केसरी खरी यावर अजून वाद चालतो. गोल्फमध्ये तरी दोन टूर्सची तुलना करायची काही पक्की रीत आहे काय? (तालमीतला एक वाचक, गंगावेश)

उत्तर : रीत तुमच्याच उदाहरणात आहे. राक्षे दोन्हीकडे उतरला, म्हणून तो दोन स्पर्धांमधला पूल झाला. मात्र तिथे कुस्ती एकेकच झाली, आणि एका कुस्तीवरून कोण भारी हे ठरत नाही. गोल्फचं बरं असतं की एक पूल शेकडो फेऱ्या देतो. दोन टूर्सचे लोक चार मेजरमध्ये एकत्र येतात. त्याशिवाय डीपी वर्ल्ड टूरची डनहिल लिंक्स किंवा दुबईतली डेझर्ट क्लासिक, आणि आशियाई टूरची इंटरनॅशनल सिरीज आहेच.

वही घ्या, नाहीतर एक्सेल उघडा. खेळाडू, स्पर्धा, फेरी, त्याचा स्कोअर, त्या फेरीची फील्डची सरासरी असे पाच रकाने करा. शेवटच्या दोन आकड्यांची वजाबाकी ही त्या दिवसाची कमाई. आता अ टूरचे असे दहा खेळाडू निवडा, जे घरच्या स्पर्धाही खेळतात आणि सामाईकही. समजा घरी त्यांची कमाई फेरीमागे सरासरी १.२ फटके येते आणि सामाईक स्पर्धांत ०.५. माणसं तीच, म्हणजे अ टूरचं फील्ड सामाईक फील्डपेक्षा ०.७ फटक्यांनी हलकं. ब टूरच्या दहाजणांचं हेच काढलं आणि घरी ०.९, बाहेर ०.६ आलं, तर ब टूर ०.३ नं हलकी. दोन्हींतला फरक फेरीमागे ०.४, चार फेऱ्यांत १.६ फटके. ब टूर भारी. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, कुठल्या टूरचे नव्हेत.)

आता या ०.४ वर किती विश्वास ठेवायचा? टूरवरच्या खेळाडूचा रोजचा स्कोअर त्याच्या स्वतःच्या पातळीभोवती साधारण पावणेतीन फटक्यांनी वरखाली होत असतो. दहाजणांच्या सामाईक फेऱ्या हंगामात फार तर १४० भरतील. २.७५ ला १४० च्या वर्गमुळानं भागा, चूक ०.२३ येते. घरच्या ४०० फेऱ्यांची चूक ०.१४. दोन्ही मिळून एका टूरच्या आकड्यात ०.२७, आणि दोन टूर्सच्या फरकात ०.३८. म्हणजे दोन्ही टूर अगदी सारख्या असत्या, तरी निव्वळ योगायोगानं एवढा फरक दहातून तीनदा दिसला असता. चूक निम्मी करायला फेऱ्या चौपट लागतात, म्हणजे चार वर्षांच्या मेजर. तोवर टूरवरची निम्मी माणसं बदललेली असतात. म्हणून डेटा गोल्फसारखे अभ्यासक फक्त मेजरवर थांबत नाहीत. कोण कुणाबरोबर खेळला आणि तो पुढे कुणाबरोबर, असे सगळ्या टूर्समधले हजारो धागे एकाच समीकरणात घालून ते खेळाडूची ताकद आणि फेरीची कठीणता एकदमच सोडवतात. घरी वहीवर तेवढं होणार नाही, पण तत्त्व हेच.

वहीवर करताना सगळ्यात जास्त घोटाळा कटपाशी होतो. मास्टर्सला ३६ होल्सनंतर, म्हणजे दोन फेऱ्यांनंतर, पहिले ५० आणि बरोबरीतले राहतात, यूएस ओपनला ६०, पीजीए चॅम्पियनशिप आणि ब्रिटिश ओपनला ७०. शनिवारी-रविवारी खेळणारं फील्ड छाननी झालेलं असतं, म्हणून त्याच्या सरासरीशी तुलना केली की चांगल्या खेळाडूची कमाई विनाकारण कमी दिसते. लिव्हमध्ये कट नाही, तिथली रविवारची सरासरी सगळ्यांची असते. सोपा तोडगा असा की दोन्हीकडे फक्त पहिल्या दोन फेऱ्या घ्याव्यात. फेऱ्या कमी भरतात खऱ्या, पण वजाबाकी शुद्ध राहते.

खेळाडू निवडतानाही हात सांभाळा. यंदा जोरात असलेले दहाजण घेतले तर त्यांची घरची कमाई फुगलेली असते आणि मेजरमध्ये ती आपोआप खाली येते. मग त्यांची टूर आहे त्यापेक्षा हलकी दिसते. निवड मागच्या वर्षीच्या आकड्यांवर करा आणि मोजणी यंदाच्या.

प्रश्न : लिव्हच्या स्पर्धेत पन्नासच खेळाडू. तिथे जिंकणं सोपं, हे गणितानं दाखवता येईल का? (संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ)

उत्तर : येईल, आणि फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा वेगळा निघतो. आधी सगळे खेळाडू अगदी समान धरा. चार फेऱ्यांच्या बेरजेचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचं वरखाली होणं) २.७५ च्या दुप्पट, म्हणजे ५.५ फटके. ५० समान खेळाडूंतला पहिला सरासरीच्या सुमारे २.२५ विचलनं पुढे असतो, १५० जणांतला सुमारे २.६५. फटक्यांत साधारण १२.४ आणि १४.६. म्हणजे दीडशेजणांत जिंकायला चार फेऱ्यांत दोनेक फटके जास्त काढावे लागतात, फेरीमागे अर्धा. भयंकर वाटावं इतकं हे अंतर नाही.

शक्यता बघितली की मात्र फरक डोळ्यात भरतो. समजा एक खेळाडू बाकीच्यांपेक्षा फेरीमागे एका फटक्यानं सरस आहे. पन्नासजणांत, चार फेऱ्यांत तो जिंकायची शक्यता साडेआठ टक्क्यांच्या आसपास. दीडशेजणांत ती पावणेचार टक्क्यांवर येते. म्हणून ‘वर्षात पाच जिंकला’ आणि ‘वर्षात दोन जिंकला’ यांची तुलना फील्ड किती मोठं ते विचारल्याशिवाय करायची नाही.

आता यातला एक मुद्दा लिव्हच्या बाजूनं. तिथे २०२५ पर्यंत तीनच फेऱ्या होत्या. तीन फेऱ्यांत नशिबाचा वाटा जास्त राहतो, सरस खेळाडूला आपलं अंतर दाखवायला वेळ कमी मिळतो. त्याच खेळाडूची पन्नासजणांतली शक्यता ५४ होल्सवर, म्हणजे तीन फेऱ्यांत, सातेक टक्क्यांपर्यंत उतरते. लहान फील्डनं जे दिलं, त्यातलं थोडं कमी फेऱ्यांनी काढून घेतलं. २०२६ च्या हंगामापासून ७२ होल्स, म्हणजे चार फेऱ्या, खेळवण्याचं लिव्हनं जाहीर केलं, तेव्हा हाही हिशेब बदलतो.

खऱ्या फील्डमध्ये सगळे समान नसतात. दीडशेतले शेवटचे चाळीसजण जिंकण्याच्या शर्यतीत नावापुरते असले, तर स्पर्धा कागदावर दीडशेची आणि प्रत्यक्षात शंभर-सव्वाशेची होते. पीजीए टूरनं २०२६ पासून १५६ चं फील्ड १४४ वर आणलं आणि कायम कार्डं (पुढच्या हंगामात खेळण्याचा हक्क) १२५ वरून १०० केली. त्यामुळे जिंकणं फारसं अवघड झालं नाही, टूरवर टिकणं अवघड झालं.

प्रश्न : ब्रूक्स केप्का २०२३ ची पीजीए चॅम्पियनशिप जिंकला, डिशॅम्बो २०२४ ची यूएस ओपन. दोघंही तेव्हा लिव्हचे. विषय संपला ना? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : त्यानं एक गोष्ट पक्की झाली. लिव्हमधले वरचे चार-पाच जण जगात कुणाच्याही तोडीचे होते, आणि कमी फेऱ्या, कट नाही, यानं ते गंजले नव्हते. २०२३ च्या मास्टर्सलाही केप्का आणि फिल मिकल्सन दोघंही जॉन राहमच्या मागे संयुक्त दुसरे होते, आणि राहम त्याच डिसेंबरमध्ये लिव्हला गेला.

टूर म्हणजे मात्र तिचे पहिले पाच नव्हेत. वाकीन निमान २०२५ मध्ये लिव्हच्या पाच स्पर्धा जिंकला. त्याच वर्षी पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त आठवा आला, आणि मेजरमध्ये पहिल्या दहात यायची ती त्याची पहिलीच वेळ. पाच विजय खोटे नाहीत, पण पन्नासजणांतले आहेत. एका माणसावरून टूर तोलू नये हे आम्ही वरच सांगितलं, तरी हे अंतर बोलकं आहे. त्याच वर्षी हंगामाचं वैयक्तिक विजेतेपद एकही स्पर्धा न जिंकता राहमनं घेतलं. सातत्याला गुण जास्त मिळाले की असंही होतं.

आमचं मत विचाराल तर असं. वरच्या टोकाला लिव्ह आणि पीजीए टूर यांत फार अंतर नाही. मधला माणूस घेतला तर पीजीए टूर स्पष्ट पुढे आहे. तळाकडे लिव्हचं फील्ड पटकन पातळ होतं, कारण तिथे बरीच वर्षं जागा करारानं राखलेल्या होत्या. डीपी वर्ल्ड टूरच्या नेहमीच्या आठवड्यात वरचं टोक कमी असतं, पण तळाला तरुण आणि भुकेले खेळाडू असतात. रोलेक्स सिरीजच्या, म्हणजे तिच्या मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धांच्या, आठवड्याला तीच टूर ओळखू येत नाही इतकी भारी होते. म्हणून ‘टूर’ असं एकगठ्ठा न तोलता आठवडा तोलावा.

मेजर वापरताना त्यांची फील्डही ओळखून असा. मास्टर्सला नव्वदेक खेळाडू असतात आणि जुन्या विजेत्यांना जन्मभर आमंत्रण असतं, त्यामुळे साठीतले खेळाडू सरासरी स्कोअर वर ढकलतात. पीजीए चॅम्पियनशिपच्या १५६ मध्ये २० क्लब प्रोफेशनल असतात, म्हणजे वर्षभर शिकवणी घेणारे लोक. अशा ठिकाणी सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा स्कोअर, घेतलेला बरा.

प्रश्न : पीजीए टूरची मोठी नावं तर लिव्हनं नेली. मग मागे राहिलं काय? (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : नावं आणि खेळ यांत वयाचं अंतर असतं. पहिल्या वर्षी गेलेल्यांत मिकल्सन १९७० चा, ली वेस्टवुड १९७३ चा, इयन पोल्टर आणि हेन्रिक स्टेन्सन १९७६ चे. कीर्ती मोठी, पण टूर तोलताना त्या वर्षीची कमाई धरायची, कपाटातले चषक नाहीत. ज्यांच्या जाण्यानं खरंच वजन हललं ते कॅमरून स्मिथ, डिशॅम्बो, केप्का आणि नंतर राहम. स्मिथनं मार्च २०२२ मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा एका फटक्यानं मागे होता पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी. वर्ष संपायच्या आत दोघंही लिव्हमध्ये होते. गेलेल्यांच्या जागा पीजीए टूरवर रिकाम्या राहिल्या नाहीत, खालच्या टूरवरून भरल्या गेल्या. म्हणून नुकसान वरच्या टोकाला जास्त दिसलं, मध्याला कमी.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, हँडिकॅप शून्य. आता आपल्याकडे पीजीटीआय आणि २०२५ पासून आयजीपीएल, अशा दोन टूर झाल्या. त्यानं कुठे खेळावं? कुठली तगडी? (पालक, नागाळा पार्क)

उत्तर : दोन प्रश्न वेगळे करू. कुठली तगडी याचं उत्तर वरच्याच रीतीनं मिळेल. दोन्हीकडच्या किंवा इकडून तिकडे गेलेल्या खेळाडूंचे निकाल घ्या आणि पहिल्या दोन फेऱ्यांची कमाई मांडा. पूल म्हणून गुरुग्रामच्या डीएलएफ कोर्सवरची इंडियन ओपन उपयोगी, कारण तिथे डीपी वर्ल्ड टूरचं फील्ड येतं. ऑक्टोबर २०२५ ला दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड टूरची स्पर्धा झाली, टॉमी फ्लीटवुड जिंकला आणि रॉरी मॅकिलरॉयही खेळला. तिचे आकडे जपून वापरा. तो कोर्स अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी, आणि आपल्या खेळाडूंनी तिथे वर्षानुवर्षं खेळलेलं. घरच्या कोर्सवर स्थानिक खेळाडू नेहमीपेक्षा उजवे दिसतात. एका कोर्सवरून हिशेब मांडू नका.

मुलानं कुठे खेळावं, हे मात्र ताकदीवरून ठरवू नका, पुढची वाट बघा. पीजीटीआय २००६ पासून आहे, तिच्या स्पर्धांना जागतिक क्रमवारीचे गुण मिळतात, आणि डीपी वर्ल्ड टूरशी झालेल्या करारामुळे वर्षाच्या ऑर्डर ऑफ मेरिटचा, म्हणजे हंगामाच्या गुणवत्ता यादीचा, विजेता त्या टूरचं कार्ड मिळवत आला आहे. दुसऱ्या कुठल्याही टूरचा अर्ज भरण्याआधी विचारून घ्या की गुण कुठले मिळतात, फेऱ्या किती, कट आहे का, आणि इथे खेळल्यावर दुसऱ्या टूरवर बंदी येते का. शेवटचं उत्तर लेखी घ्या. आणि अजून हौशी असेल तर प्रोफेशनल झाल्यावर हौशी स्पर्धांचे दरवाजे बंद होतात, हेही त्याला आधी सांगा.

हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, याबद्दल एक सावधगिरी. एका फेरीचा आकडा काढताना स्कोअरमधून कोर्स रेटिंग (शून्य हँडिकॅपवाल्याकडून अपेक्षित स्कोअर) वजा करतात, त्याला ११३ नं गुणतात आणि स्लोपनं (सामान्य खेळाडूला कोर्स किती जास्त अवघड, याचा आकडा) भागतात. कोर्स रेटिंग ७०.५, स्लोप १२५ असताना त्यानं ७२ मारले तर आकडा येतो १.४. हँडिकॅप मात्र शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ चा असतो. म्हणजे शून्य हँडिकॅप ही त्याच्या चांगल्या दिवसांची खूण. त्याची रोजची सरासरी कोर्स रेटिंगच्या वर दोन-तीन फटके असणार, आणि मोठ्या टूरवरचे खेळाडू शून्याच्याही पलीकडे, प्लस पाचच्या आसपास असतात.

तेव्हा त्याच्या वीसही फेऱ्यांचे आकडे काढा, निवडक आठ नव्हे, आणि त्यांची सरासरी घ्या. मग पीजीटीआयच्या चार-पाच स्पर्धांचे निकाल उतरवा. त्या कोर्सचं रेटिंग आणि स्लोप स्कोअरकार्डवर छापलेलं असतं, ते घेऊन पहिल्या दोन फेऱ्यांची फील्डची सरासरी आणि कट जिथं बसला तो स्कोअर, दोन्ही याच सूत्रात घाला. टूरसाठी पिन (होलमधला झेंडा) अवघड जागी लावतात, रफ (कडेचं गवत) वाढवतात, म्हणून मुलाच्या आकड्यात फेरीमागे एखादा फटका स्वतःहून वाढवून धरा. एवढं करूनही तो कटच्या ओळीपासून फेरीमागे एका फटक्याच्या आत येत असेल, तर क्वालिफाइंग स्कूलची, म्हणजे टूरच्या पात्रता स्पर्धेची, फी भरायला हरकत नाही. तीन फटके मागे असेल तर तेच पैसे वर्षभर पुण्याच्या आणि बंगळुरूच्या हौशी स्पर्धांच्या प्रवासावर घालावेत.